दुचाकीच्या सर्व्हिस सेंटरशी वाद: वॉरंटी मागण्याआधी ऑईल कुठे गेले ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी चौदा महिन्यांपूर्वी १५० सीसीची मोटारसायकल घेतली. ८,२०० किलोमीटरला त्यांनी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून सर्व्हिसिंग करून घेतले आणि त्यात इंजिन ऑईल बदलले गेले. पुढे सुमारे ७०० किलोमीटर गाडी चालल्यावर इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला आणि चढावर गाडी ओढेनाशी झाली. सर्व्हिस सेंटरने वरवर पाहून सांगितले, की इंजिनात ऑईल जवळजवळ उरलेले नाही, हेड (सिलिंडरच्या वरचा भाग) आणि सिलिंडर खराब झाले असावेत, ऑईलची पातळी पाहणे हे मालकाचे काम असल्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही आणि खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास येईल. या गृहस्थांनी ते काम करून घ्यायला नकार दिला, तेव्हा गाडी परत नेण्याआधी तपासणीचे शुल्क आणि दररोजचे पार्किंग भाडे मागण्यात आले. वॉरंटी मिळेल का, गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे न्यावी का आणि ग्राहक मंचात जाता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

दुचाकींच्या अधिकृत कार्यशाळेत मी बराच काळ वर्क्स मॅनेजर होतो आणि आता ग्राहकांना अशाच तक्रारींची कागदपत्रे तयार करून देतो, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला परिचित आहेत. त्या अनुभवावरून प्रश्नकर्त्यांना पहिली सूचना अशी, की ‘वॉरंटी द्या’ ही मागणी आपण तूर्त बाजूला ठेवावी. सर्व्हिस सेंटरशी होणारे वाद ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात: गाडीच्या एखाद्या भागात मुळातच दोष असणे, मेकॅनिकने काम निष्काळजीपणे करणे आणि बिलात गैर आकारणी होणे. पहिल्याचे उत्तर शेवटी कंपनीने द्यायचे असते, तर दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे डीलरने, म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटर चालवणाऱ्याने. बहुतेक ग्राहक या तिन्ही गोष्टी एकाच संतप्त ईमेलमध्ये लिहितात, मग डीलर ती तक्रार कंपनीकडे ढकलतो, कंपनी डीलरकडे बोट दाखवते आणि महिना निघून जातो. आपल्या प्रकरणात दोष कोणत्या प्रकारचा आहे हे अजून कोणालाही ठाऊक नाही, कारण इंजिन उघडलेलेच नाही. आणि ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे.

डीलर वॉरंटी नाकारतो तेव्हा त्यामागे काय गणित असते, ते आधी समजून घ्यावे. वॉरंटीत बदललेल्या भागाची किंमत कंपनी डीलरला देते आणि मजुरी कंपनीने ठरवलेल्या दराने देते. हा दर ग्राहकाकडून घेतल्या जाणाऱ्या मजुरीपेक्षा बहुधा कमी असतो. काढलेला जुना भाग खूण करून जपून ठेवावा लागतो, फोटो आणि नोंदी पाठवाव्या लागतात आणि कंपनीने दावा फेटाळला, तर तो खर्च डीलरच्या अंगावर येतो. म्हणून सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर गाडी जमा करून घेणारा कर्मचारी, संशयास्पद दाव्याला हात घालायला कचरतो. तरीही भागात स्पष्ट उत्पादनदोष असेल, तर डीलरला पैसे कंपनीकडून मिळतात आणि त्याला नकार देण्याचे फारसे कारण नसते. याउलट बिघाड डीलरच्याच मेकॅनिकच्या कामामुळे झाला असेल, तर कंपनी एक रुपयाही देत नाही आणि सगळा भुर्दंड डीलरला सोसावा लागतो. त्यामुळे इंजिन न उघडताच ‘चूक मालकाची’ असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा मी नेहमी शेवटच्या सर्व्हिसिंगच्या बिलाकडे आधी पाहतो. हा पुरावा नव्हे, हा केवळ माझा अंदाज बांधण्याचा मार्ग आहे.

आता मूळ मुद्दा. १५० सीसीच्या इंजिनात साधारणपणे एक लिटर किंवा त्याहून थोडे अधिक ऑईल बसते आणि नेमके प्रमाण मालक पुस्तिकेत छापलेले असते. सुस्थितीतले इंजिन ७०० किलोमीटरमध्ये लिटरभर ऑईल संपवत नाही. मालकाने अधूनमधून डिपस्टिक (ऑईलची पातळी मोजायची पट्टी) किंवा ऑईलची काच पाहावी असे पुस्तिका सांगते हे खरे, आणि आपण ती पाहिली नसेल तर ती आपली दुबळी बाजू आहे हेही मान्य करून ठेवावे. पण पातळी न पाहिल्यामुळे ऑईल नाहीसे होत नसते. न पाहिल्यामुळे फक्त ते नाहीसे झाल्याचे उशिरा कळते. म्हणून डीलरला विचारायचा प्रश्न एकच आहे: सर्व्हिसिंगच्या दिवशी भरलेले ऑईल ७०० किलोमीटरमध्ये गेले कुठे? या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी सर्वांत आधी ज्याने ते ऑईल भरले आणि त्याचे पैसे घेतले त्याच्यावर येते.

ऑईल जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत आणि प्रत्येक वाट मागे खूण ठेवते. इंजिनाचा तळ आणि ड्रेन बोल्टच्या, म्हणजे जुने ऑईल काढण्यासाठी उघडायच्या बोल्टच्या, भोवतालचा भाग ओला असेल, त्यावर धूळ बसून काळा थर झाला असेल, तर बोल्ट सैल राहिला, त्याखालचा वॉशर बदलला गेला नाही किंवा अति जोर लावल्याने आटे गेले, अशी शक्यता असते. फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंग वाकडी बसली तरी असेच होते. हे सरळसरळ कामातले दोष आहेत आणि ते डीलरच्या खात्यात जातात. ओलावा पुढच्या स्प्रॉकेटच्या (साखळीच्या दातेरी चाकाच्या) मागे किंवा गिअर शाफ्टपाशी असेल, तर ऑईल सील निकामी झाली असण्याचा संभव असतो आणि चौदा महिन्यांच्या गाडीत तो वॉरंटीचा विषय ठरू शकतो. इंजिन बाहेरून कोरडे आहे, पण सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता आणि स्पार्क प्लग काळा व तेलकट आहे, असे असेल तर ऑईल जळून गेले. याचे कारण पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये शोधावे लागते आणि तोही बहुधा कंपनीचा प्रश्न असतो. इंजिनाच्या खालच्या भागावर दगडाचा ताजा घाव असेल, तर मात्र आपली बाजू कठीण आहे.

आणखी एक शक्यता उरते, जी ग्राहकांच्या सहसा ध्यानातच येत नाही: बाहेर गळती नाही, धूर नाही, तरी ऑईल कमी आहे, म्हणजे मुळातच कमी भरले गेले. गर्दीच्या दिवशी, विशेषतः शनिवारी आणि सणाच्या आधीच्या आठवड्यात, एका मेकॅनिकच्या हाताखालून इतक्या गाड्या जातात, की जुने ऑईल काढल्यावर नवे भरताना हाताशी असलेला एक डबा ओतून काम संपवले जाते. पुस्तिकेत प्रमाण १.१ किंवा १.२ लिटर असेल आणि आपल्या बिलात ९०० मिलिलिटर किंवा एक लिटरच दिसत असेल, तर तेवढ्यानेच इंजिन खराब झाले असे सिद्ध होत नाही; पण काम पुस्तिकेप्रमाणे झाले नाही, हे डीलरच्या स्वतःच्या कागदावरून दिसते. उलट प्रकारही घडतो. ऑईल पुरेसे असते, पण झाकण बसवताना सीलंट जास्त लावल्याने त्याचे तुकडे गाळणीत अडकतात आणि हेडपर्यंत ऑईल पोहोचत नाही. म्हणून ‘ऑईल नव्हते’ हे विधानही मोजमाप झाल्याखेरीज मान्य करू नये.

यातून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गाडी आत्ता बाहेरच्या मेकॅनिककडे उघडायला देऊ नये. बाहेर एकदा इंजिन उघडले, की दोष आधीचा की उघडताना झालेला याचा निवाडा करणे अवघड होते आणि ‘अनधिकृत ठिकाणी काम केले’ हे वॉरंटी नाकारण्याचे आयते कारण डीलरच्या हाती पडते. त्याचबरोबर डीलरलाही आपल्या अनुपस्थितीत इंजिन उघडू देऊ नये. मार्ग आहे तो संयुक्त तपासणीचा: डीलरचा वर्क्स मॅनेजर, कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर आणि आपण, शक्य असल्यास आपल्या ओळखीच्या एखाद्या जाणत्या मेकॅनिकसह, अशा सर्वांसमोर इंजिन उघडले जावे. उघडण्याआधी चालू किलोमीटर, इंजिनाचा तळ, ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचे झाकण यांचे फोटो घ्यावेत. उरलेले ऑईल मापाच्या भांड्यात काढून त्याचे प्रमाण लिहून घ्यावे आणि सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गाडी २०२० नंतरच्या बीएस-६ या प्रदूषण मानकाची असल्यामुळे तिच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या छोट्या संगणकात, साठलेल्या त्रुटींच्या नोंदीही डीलरच्या यंत्रावर पाहता येतात. ऑईल कमी असल्याचे त्या थेट सांगतीलच असे नाही, पण इंजिन तापल्याची नोंद असेल तर ती उपयोगी पडते आणि मुख्य म्हणजे दुरुस्तीनंतर त्या नोंदी पुसल्या जातात. तेव्हा त्यांचा फोटो आधीच मागून घ्यावा.

संयुक्त तपासणी तोंडी मागून मिळत नाही. त्यासाठी एक पत्र लिहावे लागते आणि ते डीलरच्या अधिकृत ईमेलवर, त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला आणि मूळ प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, अशी तिन्हीकडे जावी. ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक घेणे आवश्यकच आहे, पण केवळ फोनवर विसंबू नये; कारण पलीकडची व्यक्ती आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत नोंदवते आणि बऱ्याचदा ती नोंद ‘ग्राहक वॉरंटी मागत आहे’ एवढीच असते. मी अशा पत्राचा मजकूर साधारण असा ठेवतो:

‘माझ्या गाडीचे सर्व्हिसिंग आपल्याकडे अमुक तारखेला ८,२०० किलोमीटरवर झाले. बिलाप्रमाणे त्या वेळी इंजिन ऑईल बदलण्यात आले. त्यानंतर सुमारे ७०० किलोमीटरवर इंजिनातून आवाज येऊ लागल्यामुळे अमुक तारखेला गाडी आपल्याकडे जमा केली. इंजिनात ऑईल अत्यल्प असल्याचे आपण तोंडी सांगितले आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी किती ऑईल भरले आणि ते कमी होण्याचे कारण काय, हे लेखी कळवावे. कंपनीच्या प्रतिनिधीच्या व माझ्या उपस्थितीत तपासणी होईपर्यंत इंजिन उघडू नये आणि कोणताही भाग बदलू नये. वॉरंटी नाकारायची असल्यास ती वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नाकारली जात आहे, हे लेखी द्यावे. हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत तपासणीची तारीख कळवावी.’

या पत्रात राग नाही, धमकी नाही आणि नुकसानभरपाईची मागणीही नाही, हे मुद्दाम आहे. या टप्प्यावर आपल्याला फक्त त्यांचे उत्तर कागदावर हवे असते. लेखी उत्तर देताना डीलर सहसा ‘ग्राहकाची चूक’ असे ठामपणे लिहीत नाही, कारण ते पुढे सिद्ध करावे लागेल हे त्याला कळते. उत्तर आलेच नाही तर तेही आपल्या उपयोगाचे आहे.

जॉब कार्डाविषयी इथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळा वाद फिरून त्याच कागदावर येतो. गाडी जमा करताना सर्व्हिस ॲडव्हायझर जॉब कार्डावर ग्राहकाची तक्रार लिहितो आणि अनेकदा तो तक्रार न लिहिता स्वतःचे निदान लिहितो. ‘इंजिनातून आवाज, चढावर ताकद कमी’ असे आपण सांगितलेले असते आणि कार्डावर उमटते ‘ऑईल कमी, इंजिन ओव्हरहॉल’, म्हणजे इंजिन संपूर्ण उघडून दुरुस्ती. ग्राहक त्याखाली सही करतो किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून टाकतो आणि तपासणीच्या आधीच निदानाला त्याची संमती मिळते. आपल्या जॉब कार्डाची प्रत आजच मागून घ्यावी. त्यात असा मजकूर असेल, तर ‘वरील निदान मला मान्य नाही, मी केवळ आवाजाची तक्रार सांगितली होती’ असे ईमेलने त्वरित कळवावे. मागील सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड आणि बिल हे दोन वेगवेगळे कागद आहेत, तेही दोन्ही हवेत. बिलात भागांची आणि ऑईलची नोंद असते, तर जॉब कार्डात कोणत्या मेकॅनिकने काम केले आणि अंतिम तपासणी कोणी केली याची. अंतिम तपासणीचा रकाना पुष्कळदा कोरा सापडतो. पुढे ग्राहक आयोगापुढे हा कोरा रकाना लांबलचक युक्तिवादापेक्षा अधिक बोलतो.

गाडी अडवून ठेवण्याच्या आणि पार्किंग भाड्याच्या मुद्द्यावर डीलरची बाजू जितकी भक्कम वाटते तितकी ती नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याच्याकडे वस्तू कामासाठी सोपवली आहे आणि ज्याने त्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्चून काम केले आहे, त्याला त्या कामाचा रास्त मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. म्हणजे दुरुस्ती पूर्ण करून घेऊन पैसे न देता गाडी मागणे चालणार नाही. पण आपल्या गाडीवर दुरुस्ती झालेलीच नाही. तपासणीचे शुल्क आधी सांगितले असेल किंवा जॉब कार्डावर छापलेले असेल, तर तेवढे देणे योग्य ठरेल. पार्किंग भाडे हे गाडीवर केलेल्या कामाचा मोबदला नसल्यामुळे त्यासाठी या कलमाचा आधार घेता येत नाही, आणि त्याबाबत पूर्वकल्पना दिलेली नसेल तर करार म्हणूनही ते मागणे कठीण आहे. त्याच कायद्याचे कलम १५१ डीलरवर जबाबदारीही टाकते: शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी त्याने आपल्या गाडीची घेतली पाहिजे. पावसात उघड्यावर उभी केलेली गाडी हा त्या काळजीचा भंग आहे.

तरीही गाडी सोडवणे निकडीचे असेल आणि रक्कम थोडी असेल, तर पैसे भरून टाकावेत, मात्र पावतीवर आणि लगोलग ईमेलने ‘हक्क राखून, हरकतीसह रक्कम भरली’ असे नोंदवावे. पोलिसांत जाण्याचा सल्ला अनेक जण देतील. गाडीतले चांगले भाग काढून जुने बसवले गेले, गाडी परस्पर वापरली गेली किंवा हरवली, अशा ठोस संशयाखेरीज पोलीस हा दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील आणि ते चूकही नाही. परिवहन कार्यालयाकडेही सर्व्हिसिंगच्या तक्रारीवर फारसा उपाय नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०अ सदोष वाहने परत बोलावण्याविषयी आहे, पण ते एका प्रकारच्या अनेक वाहनांत आढळणाऱ्या, पर्यावरणाला किंवा लोकांच्या सुरक्षिततेला धोका पोहोचवणाऱ्या दोषांसाठी आहे. एका गाडीतल्या ऑईलसाठी नव्हे.

पत्राला उत्तर आले नाही, तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ या क्रमांकावर किंवा तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून उत्तर मागवते. पण तिथून आलेली तक्रार कंपनीच्या मुख्यालयातल्या विभागाकडे जाते आणि मुख्यालयातून विचारणा झाली की एरिया सर्व्हिस मॅनेजर, ज्याला इतके दिवस वेळ नव्हता, तो डीलरकडे येतो. माझ्या पाहण्यातली बरीच प्रकरणे याच टप्प्यावर मिटतात. सर्व्हिसिंगनंतर ‘समाधानी आहात का, दहापैकी किती गुण द्याल’ असा कंपनीचा फोन येतो, त्यालाही याच कारणासाठी महत्त्व आहे. त्या गुणांवर डीलरचे मूल्यमापन अवलंबून असते, म्हणून ॲडव्हायझर आधीच ‘फोन आला तर दहा द्या’ अशी विनंती करतो. वाद चालू असताना भिडेखातर दहा गुण देऊ नयेत. पुढे तेच गुण आपल्याविरुद्ध दाखवले जातात.

आता ग्राहक मंच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि तेव्हापासून जिल्हा मंचाला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग म्हणतात. वस्तू किंवा सेवेसाठी ग्राहकाने भरलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना दाखल शुल्क नाही. कंपनीचे मुख्यालय कुठेही असले, तरी आपण जिथे राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. ही सोय जुन्या कायद्यात नव्हती. वकील देणे सक्तीचे नाही आणि तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून ऑनलाइनही दाखल होते. मसुदा लिहायला मदत हवी असेल, तर ग्राहक पंचायतीच्या स्थानिक कार्यकर्त्यांना भेटावे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या या चळवळीचे कार्यकर्ते अनेक जिल्ह्यांत आहेत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि डीलरशी चाललेल्या पत्रव्यवहारामुळे ती आपोआप वाढत नाही. ‘बघतो, करतो’ या उत्तरांत मुदत संपलेली प्रकरणे माझ्याकडे येतात, तेव्हा फार थोडे करता येते.

एक अडचण आधीच पाहून ठेवावी. आपण ही गाडी पार्सल किंवा खाद्यपदार्थ पोहोचवण्यासाठी वापरत असाल, तर ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेप दोन ठिकाणी येईल. कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणाऱ्याला ग्राहकच मानले आहे, तेव्हा आयोगापुढे तो आक्षेप टिकू नये. पण वॉरंटीच्या अटींत व्यावसायिक वापर वगळलेला असेल, तर वॉरंटीचा दावा अवघड होईल. कामातल्या निष्काळजीपणाचा दावा मात्र तरीही शाबूत राहतो, कारण सर्व्हिसिंगचे पैसे आपण स्वतंत्रपणे मोजले आहेत. तक्रार वॉरंटीवर आधारू नये असे मी सुरुवातीला म्हटले, त्याचे हे आणखी एक कारण.

तक्रारीत डीलर आणि कंपनी या दोघांनाही पक्षकार करावे, परंतु दोघांविरुद्धचे म्हणणे वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावे. गोव्यातल्या एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे ठरवले, की डीलर आणि कंपनी यांचे नाते दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे असेल, तर डीलरच्या गैरकृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय त्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. म्हणून कंपनीविरुद्ध दोन गोष्टी लिहाव्यात: भागातला दोष, जर तपासणीत तो आढळला तर; आणि तक्रार क्रमांक देऊनही संयुक्त तपासणी न करणे, जी तिची स्वतःची सेवात्रुटी आहे. डीलरविरुद्ध ऑईल, जॉब कार्ड आणि गाडी अडवणे.

दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय इंजिनाच्या प्रकरणात नुसत्या आवाजाच्या चित्रफिती पुरत नाहीत. कायद्याच्या कलम ३८ मध्ये सदोष वस्तूची योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेण्याची तरतूद आहे. गाडी न उघडता ठेवली असेल तर तपासणीसाठी पहिल्याच तारखेला अर्ज द्यावा. शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागातील प्राध्यापकाचे नाव सुचवले तर अहवाल तुलनेने लवकर मिळतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. कायद्याने अशा प्रकरणाला पाच महिन्यांचे लक्ष्य दिले आहे, प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हे गृहीत धरून चालावे. दरम्यान गाडीच्या कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. कर्ज देणाऱ्या संस्थेचा या वादाशी संबंध नाही आणि थकलेल्या हप्त्यांमुळे एक नवेच प्रकरण उभे राहते.

मागणी किती करावी, हा बहुतेकांचा चुकणारा भाग आहे. नवी गाडी मागू नये. वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती असेल, तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सांगितले आहे आणि प्रत्येक कंपनीचा वकील तो निकाल सोबत घेऊनच येतो. विनामूल्य दुरुस्ती, सर्व्हिसिंगच्या बिलाचा परतावा, गाडी बंद असलेल्या काळातला प्रवासखर्च, मानसिक त्रासाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च एवढी मागणी सुसंगत दिसते. एसटीची तिकिटे आणि रिक्षाचे ऑनलाइन भरणे जपून ठेवावे. साडेअकरा हजारांच्या अंदाजपत्रकाची फोडही आत्ताच मागावी: प्रत्येक भागाचा क्रमांक, छापील किंमत आणि मजुरी वेगळी. छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्यावर पुन्हा जीएसटी लावलेला दिसला, तर ती वैध मापन विभागाकडे स्वतंत्र तक्रार होऊ शकते.

माझा अंदाज असा आहे, की संयुक्त तपासणीची लेखी मागणी आणि १९१५ वरील तक्रार यांच्या मधल्या काळात आपल्याला तडजोडीचा प्रस्ताव येईल. तो बहुधा ‘भाग कंपनी देईल, मजुरी तुम्ही द्या’ किंवा ‘सद्भावना म्हणून निम्मा खर्च आम्ही करतो’ अशा स्वरूपाचा असतो. तपासणीत ड्रेन बोल्ट किंवा फिल्टरचे झाकण गळत असल्याचे आढळले असेल, तर निम्म्यावर मान्य होऊ नये. कारण स्पष्टच झाले नाही आणि आपण कधीच पातळी पाहिली नव्हती, तर मजुरी देऊन विषय संपवणे मला व्यवहार्य वाटते. आयोगात एवढ्या रकमेसाठी वर्ष-दीड वर्ष जाऊ शकते. काहीही ठरले तरी ते ईमेलवर यावे, कोणते भाग बदलले जाणार त्यांची नावे त्यात असावीत आणि वॉरंटीचा उरलेला काळ संपूर्ण इंजिनाला पूर्वीप्रमाणे लागू राहील, असे स्पष्ट वाक्य असावे. ‘यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही’ अशा छापील कागदावर गाडी चालवून पाहण्याआधी सही करू नये.

गाडी ताब्यात घेताना इंजिन गरम होईपर्यंत, किमान आठ-दहा किलोमीटर आणि त्यात एखादा चढ, असे कार्यशाळेच्या माणसाला मागे बसवून चालवावे. परत आल्यावर काही मिनिटे थांबून सपाट जागेवर ऑईलची पातळी दोघांनी पाहावी आणि तिचा फोटो घ्यावा. पैसे भरून बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. वॉरंटीत बदललेले भाग कंपनीकडे जातात, त्यांचा फोटो पुरे. सिलिंडर आणि पिस्टन बदलले असतील तर इंजिनाला नव्यासारखेच सुरुवातीचे काही शे किलोमीटर बेताने चालवावे लागते आणि त्यानंतर ऑईल लवकर बदलावे लागते. हे बदलायचे किलोमीटर डीलरकडून सर्व्हिस पुस्तिकेत लिहून, शिक्का मारून घ्यावेत आणि ते ऑईल त्यांच्या खर्चाने असेल की आपल्या, हेही त्याच ओळीत लिहून घ्यावे.